मेबोंगवरची दोक्सूची वाट

मेबोंग टेकडी एवढीशी आहे. कोरियातल्या आमच्या चोंगजू शहराच्या पूर्वेला बाग जिथे संपते तिथे ती सुरू होते आणि नीट चढायला घेतली तर घाम पुसायच्या आत संपते. शेजारच्या इमारतींतल्या आज्या घरातल्या सपाता घालून वर जातात, झऱ्याचं पाणी बाटलीत भरून आणतात आणि परत आल्या की भाजी चिरायला बसतात. पण योम दोक्सू त्याच टेकडीवर निघाला की बघणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ आता बर्फातूनच परतणार. डोक्यावर मानेपर्यंत झालर असलेली टोपी, अंगात वारा-पाऊस दोन्ही अडवणारं जाकीट, दोन हातांत दोन काठ्या, पायांत घोट्याच्या वर येणारे बूट आणि पाठीवरच्या पिशवीला लटकवलेली लालभडक दोरी. त्या दोरीने आजवर फक्त मालसूनने किमचीसाठी आणलेल्या कोबीचा गठ्ठा बांधला होता. मालसून म्हणजे त्याची बायको.

याबाबतीत एकट्या दोक्सूला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही चोंगजूकर सगळे असेच. डोंगर लहान असला म्हणून काय झालं, तयारी लहान का असावी? फरक एवढाच की बाकीच्यांना आपण हास्यास्पद दिसतो हे ठाऊक नसतं आणि दोक्सूला ते पक्कं ठाऊक होतं. टेकडीच्या पायथ्याशी बुटांची धूळ उडवायला हवेचा पाइप बसवलाय. एकदा पावसाच्या भीतीने तो वर न जाता बागेतल्या बाकावरच बसून राहिला आणि घरी निघताना सवयीने त्या पाइपने बूट साफ करू लागला. बुटाला धूळ नव्हतीच. "हवा वाया जायला नको म्हणून जाकिटावरही मारून घेतली," असं त्याने घरी स्वतःच सांगितलं. मालसूनने कपाळाला हात लावला.

दोक्सूने उभा जन्म शहरातली बस चालवली, तीही एकाच मार्गावर. स्टेशनपासून विद्यापीठापर्यंत आणि विद्यापीठापासून स्टेशनपर्यंत. "बसचं एक बरं असतं," तो म्हणायचा, "ती रस्ता सोडत नाही. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, रस्ता मला माहीत आहे." खरी गोष्ट अशी होती की बसमधून उतरला की त्याला डावं-उजवं कळत नसे. मोठ्या बाजारात मालसून त्याला मासळीवालीच्या समोर उभा करून जायची आणि बजावायची, "इथून हलायचं नाही." तोही हलत नसे.

असा माणूस गिर्यारोहण मंडळाचा म्होरक्या कसा झाला? निवडणुकीने झाला. मंडळाचं नाव 'सदाहरित', सभासद सगळे निवृत्त आणि त्यातल्या दोघांचे गुडघे नवीन बसवलेले. आमच्याकडे दोन माणसं चहाला बसली तरी एक अध्यक्ष होतो आणि दुसरा सचिव, त्यामुळे सदाहरितमध्ये प्रत्येकाला काही ना काही पद होतंच, आणि ज्यांना पद उरलं नव्हतं ते सल्लागार होते. जुना म्होरक्या मुलीकडे बुसानला राहायला गेला तेव्हा सचिव गू पिल्जे म्हणाला, "आपले दोक्सूदादा आहेत की! जन्मभर लोकांना पोचवलंय त्यांनी." पिल्जे न्हावी होता. लोकांची डोकी हातात धरून जन्म गेल्यामुळे त्याला वाटायचं, डोक्यात काय चाललंय तेही आपल्याला कळतं.

दोक्सूने तिथल्या तिथे खरं सांगून टाकायला हवं होतं. पण म्होरक्या हा शब्द त्याच्या कानात असा काही गोड शिरला की जीभच उचलेना. नकाशा विकत घ्यायच्या आधी त्याने रिबिनी छापून घेतल्या. डोंगरात जाणारं प्रत्येक मंडळ वाटेतल्या झाडांना आपल्या नावाची रिबीन बांधत जातं, मागून येणाऱ्याला वाट कळावी म्हणून. दोक्सूच्या रिबिनी पिवळ्याजर्द होत्या. 'सदाहरित गिर्यारोहण मंडळ' हे बारीक अक्षरांत आणि 'म्होरक्या योम दोक्सू' हे ठसठशीत.

पहिल्याच मोहिमेत घोळ झाला. बागेतून वर जाणाऱ्या लाकडी पायऱ्यांची दुरुस्ती चालली होती. शहाण्या माणसांनी शेजारच्या कच्च्या वाटेने जायचं ठरवलं असतं, पण दोक्सू काठी उंचावून म्हणाला, "माझ्या मागे या, जवळची वाट आहे," आणि डावीकडच्या झुडपांत शिरला. मंडळ मागे गेलं. तो चालत होता आणि झाडाझाडाला पिवळी रिबीन बांधत होता. बऱ्याच वेळाने समोर एका पाइनच्या फांदीला पिवळी रिबीन फडफडताना दिसली.

"अरे वा," पिल्जे म्हणाला, "आपल्याआधी कुणीतरी येऊन गेलंय."

त्याने जवळ जाऊन रिबीन वाचली. मग दोक्सूकडे पाहिलं.

"दादा, तुम्हीच येऊन गेलाय."

"परिसर नीट पाहून घ्यावा म्हणून एक फेरी मारली," दोक्सू म्हणाला. हे वाक्य पुढे मंडळात इतकं गाजलं की कुणाचं काहीही चुकलं तरी, भाताचा मसाला खारट झाला तरी, 'एक फेरी मारली' असंच म्हणायची पद्धत पडली. पद्धत पाडणाऱ्यांत दोक्सू पहिला होता.

अखेर भुकेने कासावीस झालेलं मंडळ झाडीतून एका मोकळ्या जागेत निघालं. कोवळं ऊन पडलेलं, मऊ गवत, आणि मधोमध एका थडग्याचा गोल हिरवा उंचवटा. थडग्याजवळ डबा उघडण्यात आमच्याकडे कुणाला वावगं वाटत नाही. ऊन मिळतं, वारा अडतो, दोन घास पितरासाठी बाजूला टाकले की झालं. सगळ्यांनी चटया पसरल्या, भाताच्या सुरळ्या काढल्या, काकड्या कापल्या, मक्कोलीचे, म्हणजे तांदळाच्या पांढऱ्या दारूचे, वाडगे भरले. जेवून दोक्सू उताराकडे पाहत चालत सुटला आणि मंडळ थेट बागेतल्या शौचालयाच्या मागे बाहेर पडलं. "हेच ठरलेलं होतं," तो म्हणाला, आणि त्यावर हसणाऱ्यांत त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

इथवर सगळं ठीक होतं. एक म्हातारा वाट चुकला, चार म्हातारे हसले. पण रिबिनी झाडांवर राहिल्या. दुसऱ्या कुठल्यातरी मंडळाने त्या पाहिल्या, त्यांना वाटलं नवी वाट निघाली, त्यांनी पिवळ्याशेजारी आपली निळी बांधली. निळी-पिवळी पाहून तिसऱ्यांनी लाल बांधली. वर्ष उलटायच्या आत झाडं लग्नाच्या मांडवासारखी सजली आणि झुडपांतून चांगली पायवाट पडली. ज्या ठिकाणी दोक्सूने एक फेरी मारली होती तिथे लोकही इमानेइतबारे एक फेरी मारत. ती फेरी कशासाठी आहे, हे कुणी विचारत नसे. रिबीन आहे म्हणजे काहीतरी असणारच.

"योमची वाट कुठून सुरू होते हो?" एकदा बागेत एका अनोळखी बाईने खुद्द दोक्सूलाच विचारलं. त्या दिवशी तो घरी तरंगतच आला.

"तुम्हाला फ्रिजमधली किमची सापडत नाही," मालसून म्हणाली, "आणि लोक तुमच्या मागून डोंगर चढतायत. धन्य आहे या गावाची."

"पुढे जाणाऱ्याला रस्ता माहीत असावा लागत नाही," दोक्सू म्हणाला. "फक्त मागे वळून बघायचं नाही."

मग एका वसंतात सदाहरित मंडळ त्याच मोकळ्या जागेत जेवायला बसलं होतं. त्या दिवशी तिथे आणखी दोन मंडळं होती. गर्दीत दोक्सूला पाठ टेकायला दुसरं काही मिळालं नाही म्हणून तो उंचवट्यालाच टेकला होता, आणि तोंडात काकडी होती. तेवढ्यात झाडीतून एक ठेंगणी म्हातारी बाहेर आली. कमरेत वाकलेली, एका हातात झाडूचा दांडा आणि दुसऱ्या हातात उपटलेली पिवळी रिबीन. तिने रिबीन डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचली.

"हा योम दोक्सू कोण?"

सगळं मंडळ एकदम ढगांकडे बघायला लागलं. पिल्जेने मात्र सचिवाच्या कर्तव्याला जागून बोट दाखवलं. "हे आमचे म्होरके."

"तू होय! बरा सापडलास. आधी ऊठ. कुणाच्या डोक्याला पाठ लावून चरतोयस, कळतंय का?"

दोक्सू इतक्या घाईने उठला की काकडी घशात गेली. "चुकलं, आजी."

"आजी कुणाला म्हणतोस? आरशात बघितलंस का कधी? ताई म्हण!"

"चुकलं, ताई."

तिचं नाव बुन्ने. टेकडीच्या मागच्या अंगाला तिचं घर, आणि ही जागा तिच्या सासऱ्यांपासूनची घरची. उंचवट्याखाली तिचा नवरा होता. मुलगा व्हँकुव्हरला असायचा आणि फोनवर म्हणायचा, आई, माणसं लावून गवत कापून घे. बुन्नेताईने दोक्सूला दंडाला धरून उंचवट्याच्या मागच्या बाजूला नेलं आणि दांड्याने दाखवलं. तिथे गवत उरलंच नव्हतं. लोक टेकायचे, मुलं घसरायची, एक बाई तर रोज सकाळी त्यावर आडवी पडून पोटाचे व्यायाम करायची. नुसती लाल माती उघडी पडली होती आणि गेल्या वर्षीच्या पावसाने तिच्यात बोटभर रुंद ओघळ पाडले होते.

"आता पावसाळ्याआधी गवत नाही धरलं, तर हा सगळा खाली वाहून जाणार," ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "मी रोज येते हाकलायला. गुडघे साथ देत नाहीत, तरी येते. एकाला हाकललं की दोन येतात. विचारलं तर म्हणतात, इथे रिबीन आहे. तुझी आहे ना रिबीन? मग तूच बघ आता."

दोक्सू त्या रात्री धड जेवला नाही. आजवर त्याच्या चुकांची किंमत पिल्जेच्या पायांनी नाहीतर मालसूनच्या डोक्याने चुकती केली होती, आणि दोघंही त्याबद्दल त्याला मनसोक्त बोलून मोकळे होत. या वेळी किंमत मोजणारा माणूस बोलू शकत नव्हता. "जिवंत प्रवाशाला कधी ओरखडा आला नाही," तो मालसूनला म्हणाला, "आणि आता मेलेल्याला वाहून न्यायला निघालोय." मालसूनने थट्टा केली नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या सगळ्या रिबिनी सोडवल्या. निळ्या, लाल, हिरव्या तशाच राहिल्या. त्याही काढू लागला तेव्हा निळ्या मंडळाच्या म्होरक्याने त्याला रंगेहाथ पकडलं. "लाज नाही वाटत? दुसऱ्याच्या रिबिनी काढून वाट स्वतःच्या नावावर करताय!" दोक्सूने सांगायचा प्रयत्न केला की नाव पुसायचंच चाललंय, पण त्याच्या खिशातून पिवळ्या रिबिनींचा गठ्ठा डोकावत होता, त्यामुळे कुणी विश्वास ठेवला नाही.

मग त्याने वाटेच्या तोंडाशी 'रस्ता बंद' अशी पाटी लावली. गर्दी वाढली. आम्हा लोकांना बंद म्हटलं की आत काहीतरी चांगलं आहे, अळंबी नाहीतर झरा, आणि कुणीतरी एकट्याने खातंय, असाच संशय येतो. त्याने पाटी बदलून 'साप आहेत' असं लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी दोन म्हातारे औषधासाठी साप धरायला चिमटा आणि पिशवी घेऊन हजर. बागेच्या कचेरीत गेला तर तिथल्या तरुणाने नकाशा काढून नम्रपणे दाखवलं की अशी वाटच नाही. "जी वाट नाहीच, ती बंद कशी करणार, काका?"

"हेच मी सांगायला हवं होतं," दोक्सू म्हणाला, "तेव्हा आमच्या मंडळाला."

सगळे उपाय अंगाशी आले. रोज संध्याकाळी तो थडग्यापाशी बुन्नेताईला कबुली द्यायला जायचा आणि ती रोज त्याची बिनपाण्याने करायची. पावसाळा जवळ येत चालला. शेवटी मार्ग सुचवला तो मालसूनने, तोही कोबीला तिखट चोळता चोळता.

"तुम्ही पुरुष रिबिनी बघून जाता. बायका काय बघून जातात, ठाऊक आहे?"

"काय?"

"घड्याळ. जिथे झाडाला घड्याळ, आरसा आणि कमरेत फिरवायच्या रिंगा टांगलेल्या असतात, तिथे बायका थांबतात. बायका थांबल्या की तिथे कॉफी येते. कॉफी आली की तुम्ही सगळे येता. त्या बिचाऱ्याच्या थडग्यावर कुणी हौसेने बसत नाही हो, दुसरीकडे बसायला काही नाही म्हणून बसतात."

दोक्सूची नजर भिंतीकडे गेली. निवृत्तीच्या दिवशी बसवाल्यांनी दिलेलं मोठं भिंतीवरचं घड्याळ दिवाणखान्यात टांगलेलं होतं, खाली सोनेरी पट्टीवर त्याचं नाव. तो खुर्चीवर चढला आणि ते काढायला लागला.

"अहो, ते नको! दुसरं आणू."

"असू दे. इथे टांगून तरी काय उपयोग? मला आता कुठे वेळेवर पोचायचंय?"

पिल्जेने दुकान बंद केल्यापासून पडून असलेला न्हाव्याचा आरसा दिला. मंडळाच्या अध्यक्षांनी नातीच्या रिंगा आणल्या. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, थडग्यापासून लांब, एक सपाट जागा होती, खाली सगळं शहर दिसणारी. तिथे सामान टांगलं. आता फक्त तिथवर नवी वाट पडायला हवी होती. पिल्जे म्हणाला, "दादा, सोपं आहे. मागच्यासारखेच चुका. फक्त या बाजूला."

दोक्सूने मंडळाला मागे घेतलं, झुडपांत शिरला आणि नेमका पायऱ्यांवर बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून शिरला आणि शिखरावर पोचला. इतक्या महिन्यांच्या येरझाऱ्यांनी त्याला टेकडीचा दगड न् दगड पाठ झाला होता. "जन्मात पहिल्यांदा ठरवून चुकायला निघालो," तो वैतागून म्हणाला, "आणि दर वेळी बरोबर पोचतोय. याहून मोठं अपयश कुठलं?" शेवटी त्याने पिल्जेला पुढे घातलं. पिल्जे पहिल्याच फटक्यात चुकला, आणि मागून दोक्सू रिबिनी बांधत गेला. या वेळी रिबिनीवर कुणाचंच नाव नव्हतं.

मालसूनचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. आधी दोघी-तिघी आल्या, मग इमारतीच्या इमारती आल्या. पोटाचे व्यायाम करणाऱ्या बाईला कुणीतरी फळी आणून दिली. झाडांच्या खोडांवर पाठ आपटून ती मोकळी करायचा आमच्याकडे व्यायाम असतो, त्याचे आवाज घुमू लागले, कुणी खुर्च्या आणल्या, कुणी झाडू. आणि इकडे जुन्या वाटेवर गवत उगवायला लागलं. पावसाच्या आदल्या आठवड्यात दोक्सू आणि पिल्जेने हिरवळीचे तुकडे आणून उंचवट्याच्या मागच्या बाजूला दाबून बसवले. बुन्नेताई उभी राहून दांड्याने जागा दाखवत होती आणि प्रत्येक तुकडा वाकडा बसल्याचं सांगत होती.

पाऊस आला, धो धो पडला आणि गेला. थडगं जागच्या जागी राहिलं. दोक्सूला आयुष्यात पहिल्यांदा आपण अगदीच गाढव नाही असं वाटलं. तो रोज घड्याळाच्या जागी जायचा, कॉफी घ्यायचा आणि सगळ्यांना सांगायचा की माणसं कशी वळवावीत. पुढे पुढे तो इतका सांगायला लागला की बायका त्याला बघून रिंगा जोरात फिरवायच्या, म्हणजे ऐकू येऊ नये. या सगळ्यात बुन्नेताईकडे जायचं मात्र राहून गेलं. तिचं काम झालं होतं, आता तिला त्रास कशाला, असं तो स्वतःला सांगायचा.

भाद्रपदासारखी हवा पडली, पितरांच्या थडग्यांवरचं गवत कापून त्यांना पुजायचा चुसोकचा सण जवळ आला, तेव्हा त्याला वाटलं की जाऊन यावं. खरं तर आभार ऐकायला जावं असं वाटलं. त्याने ते स्वतःपाशी कबूलही केलं. जुन्या वाटेला लागला तर वाटच नव्हती. गवत मांडीपर्यंत, रिबिनी पावसाने फिक्या पडून लोंबलेल्या. ज्या टेकडीचा दगड न् दगड पाठ होता तिथे योम दोक्सू स्वतःच्याच वाटेवर पुन्हा चुकला. काटे टोचत, कोळ्यांची जाळी तोंडाने काढत तो त्या मोकळ्या जागेत पोचला.

बुन्नेताई उंचवट्याच्या शेजारी बसली होती. एकटीच. झाडूचा दांडा गवतात आडवा पडला होता.

"आलास? इतके दिवस कुठे उलथला होतास?"

"बघा ताई," दोक्सू घाम पुसत म्हणाला, "एक माणूस फिरकत नाही आता. चिटपाखरू नाही. सगळे तिकडे वळवले."

"दिसतंय ना मला."

 दोक्सू आभारांची वाट बघत उभा राहिला.

"ती पोटाची कसरत करणारी," ती म्हणाली, "तिला मी रोज शिव्या द्यायचे. मग ती माझ्यासाठी जवाचा चहा आणायला लागली. शिव्या खायची, चहा द्यायची, जायची. एक निळ्या टोपीवाला यायचा, तो मला काकडी सोलून द्यायचा. दात नाहीत ना मला. बरी आहे का रे ती बाई?"

"बरी आहे. फळीवर करते आता."

"बरं झालं." ती गवतावरून हात फिरवत राहिली. "मी त्यांना म्हटलं होतं, बसू नका त्याच्यावर. येऊ नका असं मी कधी म्हटलं होतं? तुझ्यापाशी तरी म्हटलं होतं का?"

दोक्सूला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. तिने तसं कधीच म्हटलं नव्हतं. रोज डोंगर चढून ती भांडायला यायची आणि भांडण संपलं की तिच्याभोवती माणसं असायची, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहूनही त्याला दिसली ती फक्त वाट, आणि वाटेत आपण किती हुशार ते. आयुष्यात एकच गोष्ट त्याने धड पार पाडली होती आणि तीही चुकीच्या थांब्यावर नेऊन उभी केली होती. त्याला स्वतःवर हसू आलं नाही. फार दिवसांनी असं झालं होतं.

"ताई," तो म्हणाला, "गवत कापायला कोण येणार आहे या वर्षी?"

"मुलगा म्हणतो, माणसं लाव."

"मग लावा की. आम्ही काय जनावरं आहोत?"

चुसोकच्या आधीच्या रविवारी सदाहरित मंडळ विळे घेऊन आलं. मालसून डबे घेऊन आली, आणि घड्याळाच्या जागेवरून ती कसरतवाली बाई जवाच्या चहाची बाटली घेऊन आली. तिला बघताच बुन्नेताईने पहिली शिवी दिली आणि हात पुढे केला. थडग्याचं गवत कसं कापायचं हे बसड्रायव्हरला माहीत असायचं कारण नव्हतं. दोक्सूने एका बाजूने इतकं खोल कापलं की पिल्जे म्हणाला, "दादा, सरका, हे डोकं माझ्याकडे द्या." पिल्जेने खरंच न्हाव्यासारखं कापलं, कडेने गोल, वरून एकसारखं. बुन्नेताई मागून ओरडत होती, इकडे राहिलं, तिकडे राहिलं, डोळे फुटले का सगळ्यांचे. तिचा आवाज झाडीतून पार बागेपर्यंत जात असावा.

काम संपलं. थडग्यापुढे फळं मांडली, मक्कोली ओतली, सगळ्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. मग डबे उघडायची वेळ झाली आणि मंडळ अवघडून उभं राहिलं. भोवतीचं कापलेलं गवत ओलं होतं, ढीग पडले होते, आणि उंचवट्याकडे तर कुणी बघायलाही तयार नव्हतं.

"उभे काय राहिलात?" बुन्नेताईने उंचवट्याला लागून असलेली सपाट, कोरडी जागा थोपटली. चटईभर लांब-रुंद, नुकतीच कापलेली, उन्हात. "इथे बसा."

पिल्जेने बसायला पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. नवऱ्याच्या डाव्या हाताची ती जागा बायकोच्या थडग्यासाठी राखून ठेवतात, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. दोक्सूलाही कळलं.

"ताई, ही जागा तर..."

"माझीच आहे. म्हणूनच तर सांगतेय. रिकामीच पडलीये अजून. बसा, आणि ऊन कसं लागतंय ते मला सांगा."

दोक्सू बूट काढून बसला. मग पिल्जे बसला, अध्यक्ष बसले, मालसून बसली, कसरतवाली बसली. दाटीवाटी झाली. दोक्सूने टोपी काढून उन्हाकडे तोंड केलं.

"ऊन छान आहे, ताई," तो म्हणाला. "पण तुम्ही घाई करू नका."

"घाई कसली करणार?" बुन्नेताई म्हणाली. "तुम्ही उठल्याशिवाय मला जागा कुठे आहे?"

त्या दिवशी ऊन उतरलं, डबे कधीच संपले, गार वारा सुटला, तरी कुणी उठायचं नाव काढेना.